हसविणाऱ्यांची बिदागी

मंडळी, आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत राजे आहेत, लढाया आहेत, तह आहेत. संतांना आणि समाजसुधारकांनाही त्यांत जागा मिळाली आहे. परंतु माळावर दाटीवाटीने बसलेल्या माणसांना रात्रभर हसवून, पहाट होताच आपली पेटी उचलून पुढच्या गावची वाट धरणाऱ्या माणसाचे नाव त्या पुस्तकांत सापडत नाही. वास्तविक माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला जाऊन आलेल्या कोणाही म्हाताऱ्याला विचारा. बाजारात कोणता बैल किती रुपयांना गेला हे तो एक वेळ विसरला असेल; पण तंबूत सोंगाड्या काय बोलला ते त्याला आजही आठवते, आणि सांगता सांगता तो पुन्हा हसू लागतो.

ह्या हसविणाऱ्या माणसांनी आपल्याला काय दिले, आणि त्याबद्दल आपण त्यांच्या हातावर काय ठेवले, ह्याचा थोडा हिशेब आज मांडावयाचा आहे.

सुरुवात घरापासून करू. आपल्या गोदाकाठी पैठणला सोळाव्या शतकात एकनाथ महाराज होऊन गेले. त्यांची भारुडे आपल्या परभणी, गंगाखेड, पाथरी ह्या मुलखाला नवी नाहीत. वासुदेव, जोशी, गोंधळी अशी नाना सोंगे घेऊन भारुडकार उभा राहतो, आधी लोकांना हसवितो आणि हसता हसता त्यांच्याच अंगावरची धूळ त्यांना दाखवितो. दुसरा आपला बहुरूपी. हवालदाराचा वेष करून तो दारात उभा राही, खोटा दरडावी, आणि घरधनी क्षणभर दचकला की सारी आळी हसत सुटे. खऱ्या हवालदाराची भीती त्या निमित्ताने थोडी कमी होत असे, हेही लक्षात घ्या.

तमाशातला सोंगाड्या ह्याच घराण्यातला. तमाशाची रीत आपल्याला ठाऊक आहेच. आधी गण, मग गवळण, नंतर बतावणी आणि शेवटी वग. गवळणीत पेंद्या आणि मावशी हशा पिकवितात. परंतु सोंगाड्याचे खरे राज्य बतावणीत आणि वगात. त्याच्या हातात लिहिलेली वही नसते. समोर राजा, प्रधान किंवा सरदार मोठ्या तोऱ्यात बोलत असतो, आणि सोंगाड्याला त्याचे बोलणे नीट समजत नाही. म्हणजे समजत नाही असे तो दाखवितो! समजा, सरदार गर्जना करतो, “सारा भरलाच पाहिजे!” सोंगाड्या हात जोडून विचारतो, “सारा भरू म्हंता? मंग पोराबाळाला काय ठिवू? त्यापरीस थोडा भरतो की, धनी!” शब्द एकच. सरदाराच्या तोंडी ‘सारा’ म्हणजे सरकारी वसुली, आणि कुणब्याच्या कानाला ‘सारा’ म्हणजे होते नव्हते तेवढे सगळे. हसणारा शेतकरी त्या एका शब्दात आपले अख्खे वर्ष ओळखतो.

विनोदाची ही जुनी युक्ती आहे. खालचा माणूस वेडा होतो आणि वरच्या माणसाचे शहाणपण उघडे पाडतो. उघड तक्रार केली तर पाठीवर कोरडा बसावयाचा. वेड्याला मात्र माफी असते.

ह्या माफीचा उपयोग जोतीराव फुले यांनी फार लवकर ओळखला. १८५५ साली त्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. त्यात एका भोळ्या कुणब्याला ग्रहदशेची भीती घालून लुबाडले जाते, आणि बाजूला उभा असलेला विदूषक मधून मधून बोलून त्या लबाडीचा एक एक पदर उलगडून दाखवितो. हे नाटक त्यांनी दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविले होते. कमिटीने ते नाकारले. पुढे सत्यशोधक जलसे निघाले आणि त्यानंतर आंबेडकरी जलसे आले. ढोलकी तीच, सोंगाड्या तोच. पण आता त्याच्या विनोदाला शाळेची, न्यायाची आणि माणुसकीची बोली चढली. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांच्यापर्यंत नवा विचार पोचविण्याचे काम ह्या हशाने केले. आपल्यातील गुरुजनांनी हे ध्यानात ठेवावे असे मला वाटते.

आता जरा समुद्रापलीकडे जाऊन येऊ. तिकडेही अशीच गोष्ट घडली.

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्हॉडव्हील नावाचा खेळ जोरात होता. गाणे, नाच, कसरत, नकला आणि विनोदी चुटके एका तिकिटात. आपला फड यात्रेमागून यात्रा करीत बैलगाडीने फिरे, तशी ही मंडळी आगगाडीने गावोगाव हिंडत. बस्टर कीटन हा मोठा विनोदी नट लहानपणापासून आईबापांबरोबर अशा खेळांत काम करीत होता. बाप त्याला रंगमंचावर इकडून तिकडे फेकी आणि पोरगा चेहऱ्यावरची रेषही हलू न देता उठून उभा राही. पुढे तोच मख्ख चेहरा मूकपटांत त्याची ओळख ठरला. ज्यांना आपण मराठीत जाड्या-रड्या म्हणतो त्या लॉरेल आणि हार्डी यांची जोडी १९२७ च्या सुमारास जमली. त्यांतला लॉरेल इंग्लंडातल्या अशाच खेळांतून घडून अमेरिकेत आलेला.

आणि चार्ली चॅप्लिन! १८८९ साली लंडनमध्ये त्याचा जन्म झाला. आई गाणारी होती. तिचा आवाज गेला, पुढे बुद्धीही ढळली. सात वर्षांचा चार्ली अनाथ-गरिबांच्या आश्रमात जाऊन पडला. एका नाटक मंडळीबरोबर तो अमेरिकेला गेला, आणि १९१४ साली त्याने पडद्यावर एक सोंग आणले. ढगळ विजार, आखूड कोट, पायांत भले मोठे बूट, डोक्यावर लहानशी टोपी आणि हातात काठी. कपडे भिकाऱ्याचे, चाल मात्र सरदाराची. हा फाटका माणूस पोलिसाला चुकवितो, शेटजीच्या पार्श्वभागावर लाथ मारतो आणि रस्त्यावरच्या अनाथ पोराला पोटाशी धरतो. चित्रपट मुका असल्यामुळे भाषेची अडचण नव्हती. वाचता न येणाऱ्यालाही तो समजे, आणि म्हणून जगभरच्या गरिबाला तो आपला वाटला.

२२ सप्टेंबर १९३१ रोजी लंडनच्या मजूरवस्तीत चार्ली आणि महात्मा गांधी यांची भेट झाली. गांधीजींनी त्याचे चित्रपट पाहिलेले नव्हते. चार्लीने त्यांना विचारले की, यंत्रांना आपला विरोध कशासाठी? यंत्रांमुळेच आम्ही इंग्लंडचे अंकित झालो, अशा अर्थाचे उत्तर गांधीजींनी दिले. १९३६ साली चार्लीचा ‘मॉडर्न टाइम्स’ आला. त्यातला कामगार पाने पिळता पिळता वेडा होतो आणि प्रचंड यंत्राच्या दात्यांतून फिरत जातो. ह्या भेटीमुळेच तो चित्रपट निघाला असे म्हणणे धाडसाचे होईल. तथापि गिरणीत राबणाऱ्या माणसाचे दुःख एका महात्म्याने आणि एका विदूषकाने एकाच काळात आपापल्या परीने ओळखले, एवढे खरे. १९५२ साली चार्ली विलायतेला जाण्यासाठी बोटीवर चढला, आणि त्याच्या मताबद्दल संशय घेऊन अमेरिकन सरकारने त्याचा परतीचा परवाना रद्द केला. पुढे वीस वर्षांनी, १९७२ साली, त्याच देशाने त्याला सन्मानाने बोलावून ऑस्कर दिले.

आणखी एक नाव आपल्याला मुद्दाम सांगितले पाहिजे. बर्ट विल्यम्स. हा निग्रो वंशाचा विनोदी नट १९१० साली न्यूयॉर्कच्या अत्यंत नावाजलेल्या ‘झीगफेल्ड फॉलीज’ ह्या खेळात गोऱ्या नटांच्या बरोबरीने उभा राहिला. परंतु मुळात सावळा असलेल्या ह्या माणसाला तोंडाला काजळी फासून आणखी काळे व्हावे लागे, तेव्हा कुठे प्रेक्षक हसत. रात्री ज्या शहराने टाळ्या दिल्या, त्याच शहरातल्या कित्येक हॉटेलांचे पुढचे दार त्याला बंद असे. १९२२ साली तो वारला.

हे ऐकून आपल्याला आपल्याकडचे काही आठवत नाही काय? तमाशाचे बहुतेक कलावंत महार, मांग, कोल्हाटी अशा जातींतले. पाटलाच्या वाड्यासमोर त्यांचा खेळ रंगे, पाटील दौलतजादा करी; पण सोंगाड्याला तहान लागली तर पाणी वरून ओतीत. लोकांनी त्याचे बोलणे उचलून घरी नेले, त्याला मात्र उंबऱ्याबाहेर ठेवले. आपल्या हिशेबाच्या वहीतली ही पहिली थकबाकी.

आता आपल्या बोलपटांकडे वळू. आरंभी मराठी पडद्यावरचा विनोद शहरातल्या कारकुनाचा होता. १९३९ साली आचार्य अत्रे यांनी लिहिलेला आणि मास्टर विनायकांनी पडद्यावर आणलेला ‘ब्रँडीची बाटली’ फार गाजला. म्युनिसिपालिटीतला एक भाबडा कारकून ब्रँडी म्हणजे काय हेही ठाऊक नसताना तिची बाटली शोधीत गावभर हिंडतो. ते काम दामुअण्णा मालवणकरांनी केले. त्यांचा एक डोळा तिरळा होता. दुसऱ्या कोणी ते व्यंग म्हणून लपविले असते. दामुअण्णांनी त्याचेच भांडवल केले. चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावाची जोडी १९४० च्या ‘लग्न पहावं करून’मध्ये आणि १९४२ च्या ‘सरकारी पाहुणे’मध्ये पडद्यावर आली. विष्णुपंत जोग चिमणराव आणि दामुअण्णा गुंड्याभाऊ.

त्यानंतर आले राजा गोसावी. सातारा जिल्ह्यातल्या सिद्धेश्वर कुरोलीचा हा मुलगा स्टुडिओत पडेल ते काम करीत वर आला. १९५२ साली राजा परांजपे यांच्या ‘लाखाची गोष्ट’मध्ये त्यांना मोठे काम मिळाले. मौज अशी सांगतात की, पुण्याच्या भानुविलास चित्रगृहात तो चित्रपट लागला तेव्हा तिकीटखिडकीत बसून तिकिटे फाडणारा माणूस आणि पडद्यावरचा नायक एकच होता!

परंतु मंडळी, ह्या विनोदात धोतर-मुंडाशाचा माणूस फारसा नव्हता. असला तर रामा गडी म्हणून, शहरातल्या धन्याच्या घरी कपबशा फोडायला. गावाकडची बोली ही नोकराची बोली, असा एक समज त्याने घट्ट केला.

तो समज मोडण्याचे काम सोंगाड्यानेच केले. १९६५ साली वसंत सबनीस यांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य रंगभूमीवर आले. वगाचाच घाट, राजा, प्रधान, कोतवाल, हवालदार आणि मैनावती. हवालदार झाले दादा कोंडके. मुंबईच्या गिरणगावात १९३२ साली जन्मलेला, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात तयार झालेला हा नट. सकाळी वर्तमानपत्रात जे आले ते रात्री त्यांच्या बतावणीत यावयाचे. पंधराशेच्या वर प्रयोग झाले. नगरच्या पाटलाने हसावे तेथे मुंबईचा मंत्रीही हसे, आणि आपल्यालाच हा टोला होता हे दोघांनाही घरी गेल्यावर उमगे. सेवा दलाच्याच पथकातून निळू फुले आले. ‘कथा अकलेच्या कांद्याची’ ह्या लोकनाट्याने त्यांचे नाव गावोगाव गेले. पुढे पडद्यावर ते खलनायक झाले, तरी विनोदाची ती धार त्यांच्या बोलण्यात राहिलीच.

१९७१ साली दादांनी ‘सोंगाड्या’ काढला. आईच्या धाकातला भोळा नाम्या तमाशाच्या नादी लागतो, एवढीच गोष्ट. मुंबईत दादरच्या एका चित्रगृहाने हिंदी चित्रपटासाठी ‘सोंगाड्या’ला जागा नाकारली, तेव्हा शिवसेनेने त्यासाठी चळवळ केली आणि चित्रपट लागला. ढगळ अर्धी चड्डी आणि तिचा लोंबता नाडा हा दादांचा गणवेष झाला. चार्लीच्या ढगळ विजारीची आठवण व्हावी असाच तो आहे. त्यांच्या नऊ चित्रपटांनी ओळीने रौप्यमहोत्सव केले आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. १९७५ च्या ‘पांडू हवालदार’मध्ये त्यांच्याबरोबर अशोक सराफ हे दुसरे मोठे विनोदी नट पुढे आले.

आता येथे आपल्यातील काही गुरुजी भुवई वर करतील, आणि ते योग्यच आहे. दादांच्या विनोदात द्व्यर्थी बोलणे पुष्कळ. पुढे पुढे तर ते इतके वाढले की, टोला कमी आणि चावटपणाच जास्त उरला. स्त्रीच्या देहावर केलेला विनोद हा वरच्याला मारलेला टोला नव्हे. तो आपल्याहून दुबळ्या बाजूला मारलेला धक्का होय. हे स्पष्ट म्हटलेच पाहिजे. तथापि चावटपणा तेवढा आठवावयाचा, आणि सत्तेची टिंगल करणारा तो हवालदार विसरावयाचा, हाही न्याय नव्हे. धान्य पाखडताना आपण सुपातले दाणे थोडेच फेकून देतो?

आता आपल्या मराठवाड्याकडे येऊ. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. कचेरीची भाषा उर्दू, वरच्या शाळेची भाषा उर्दू. महाराष्ट्रात आलो तेव्हा पुण्याच्या पुस्तकातली मराठी समोर उभी राहिली. आपले ‘मव्हं-तुव्हं’, आपले ‘काहून’, आपले ‘जायलाव’ ऐकून परमुलखातले लोक गालात हसत, आणि शिकायला गेलेली आपली मुले बोलताना जीभ चावीत. अशा वेळी औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकविणारे प्रा. लक्ष्मण देशपांडे हीच बोली घेऊन रंगमंचावर एकटे उभे राहिले. त्यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’चा पहिला प्रयोग १९७९ सालचा. मराठवाड्यातल्या खेड्याचे वऱ्हाड विमानात बसून लंडनला लग्नाला जाते, एवढे कथानक. परंतु बावन्न माणसे एकटा नट उभी करी. म्हातारी, पोरसवदा तरुण, गोरा साहेब, विमानातली बाई, साऱ्यांचे आवाज आणि लकबी वेगळ्या. पु. ल. देशपांडे यांनी १९६१ मध्ये ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने उभी करून जी वाट पाडली होती, त्याच वाटेवरचा हा पुढचा मुक्काम.

ह्या प्रयोगाची खरी कमाई निराळीच आहे. पुणेकर आणि मुंबईकर आपल्या बोलीला हसले ते आता आपल्याबरोबर हसले. विमानात भांबावलेला आपला माणूस वेडा ठरत नाही. त्याच्या भाबडेपणापुढे लंडनचा थाटमाट हास्यास्पद होतो. म्हणजे पुन्हा तेच, सोंगाड्याने सरदाराला जे केले ते! २००९ साली लक्ष्मणराव गेले. पुढे मकरंद अनासपुरे यांनी मराठवाड्याची बोली चित्रपटाच्या नायकाच्या तोंडी घातली, आणि परभणीत वाढलेले संकर्षण कऱ्हाडे आज नाटकांतून व मालिकांतून साऱ्या महाराष्ट्राला हसवीत आहेत. आज परभणीचा मुलगा पुण्यात ‘मव्हं’ म्हणताना पूर्वीइतका बिचकत नाही. त्याचे थोडे श्रेय ह्या मंडळींचे आहे.

आता राहिला बिदागीचा हिशेब.

भगवान आबाजी पालव, म्हणजे आपले भगवानदादा. १९५१ च्या ‘अलबेला’ने त्यांना देशभर डोक्यावर घेतले. बंगला आला, मोटारी आल्या. पुढचे चित्रपट पडले आणि सारे गेले. उतारवयात ते दादरच्या चाळीतल्या खोलीत राहिले, मिळेल ते किरकोळ काम करीत राहिले. २००२ साली ते गेले. त्यांचा नाच मात्र लग्नाच्या वरातीत अजून चालतो. नाचणाऱ्याला त्यांचे नाव ठाऊक नसले तरी.

दुसरे कोल्हापूरचे गणपत पाटील. तमाशाच्या चित्रपटांत त्यांनी नाच्याची कामे इतकी हुबेहूब केली की, लोकांनी सोंग आणि माणूस ह्यांत फरकच ठेवला नाही. संसारी माणूस, बायकोमुलांचा धनी. पण रस्त्यातली कुत्सित नजर त्यांच्या घरापर्यंत आली, आणि ती त्यांच्या कुटुंबालाही सोसावी लागली. हशा आपण घेतला, किंमत त्यांच्या मुलाबाळांनी दिली.

आणि फडावरची माणसे? ‘गाढवाचं लग्न’ गाजविणाऱ्या दादू इंदुरीकरांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. कवलापूरचे काळू-बाळू हे जुळे भाऊ ‘जहरी प्याला’तल्या जुळ्या हवालदारांच्या जोडीने घराघरांत पोचले. पण हे नशीबवान थोडे. दसऱ्याला घुंगरू बांधून बाहेर पडणारे आणि उन्हाळ्याच्या अखेरीस कर्जाचा बोजा घेऊन घरी परतणारे सोंगाडे पुष्कळ होऊन गेले. त्यांची बतावणी कोणी लिहून ठेवली नाही. ती त्यांच्याबरोबर मातीत गेली.

तेव्हा गुरुजींना आणि गावकऱ्यांना माझी एक विनंती आहे. आपल्या गावात, शेजारच्या वाडीत एखादा जुना भारुडकार, एखादा थकलेला सोंगाड्या, बहुरूप्याच्या घरातला एखादा म्हातारा अजून असेल. वरच्या वर्गातली चार मुले वही-पेन्सिल देऊन त्याच्याकडे पाठवा. हल्ली प्रत्येकाच्या खिशात आवाज टिपणारे यंत्र आहे, त्याचाही उपयोग करा. कोणत्या यात्रेला कोणता फड येई, सोंगाड्या काय बोले, लोक कशाला हसत, हे लिहून घ्या. लोक कशाला हसत हे कळले की, ते कशाला भीत हेही कळते. आणि तोही इतिहासच आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात त्या म्हाताऱ्याला बोलवा, पुढच्या रांगेत पाहुण्यांच्या शेजारी खुर्ची द्या, आणि सर्वांना देता त्याच पेल्यातून पाणी द्या.

आणि हो, वर्गात मागच्या बाकावर बसून तुमचीच नक्कल करणारा एखादा पोरगा असेल. छडी उचलण्यापूर्वी एकदा त्याची नक्कल पुरी पाहून घ्या. बहुधा ती बरोबर असते.